संताप आमचा आणि वानखेडेवरचा

डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिस्बेन कसोटीचे समालोचन करताना इसा गुहा यांनी जसप्रीत बुमराह यांच्या स्तुतीच्या ओघात 'प्रायमेट', म्हणजे वानरकुळातील प्राणी, हा शब्द उच्चारला. आपल्याकडे संताप उसळला आणि दुसऱ्याच दिवशी गुहाबाईंनी प्रक्षेपणातच क्षमा मागितली. २००६ साली कोलंबोत हाशिम आमला यांना 'दहशतवादी' म्हणणाऱ्या डीन जोन्स यांना तर काम गमवावे लागले. दोन्ही वेळचा संताप आम्हांस रास्तच वाटतो. परंतु ऑक्टोबर २००७ मध्ये वानखेडेवर अँड्र्यू सायमंड्स यांना उद्देशून माकडचेष्टा करणारे प्रेक्षक कोण होते? ते आपलेच होते, तिकीट काढून आलेले होते. त्यांच्याविषयी असा संताप का उसळला नाही?

वानखेडे दूर आहे, असे धाराशिवकरांनी म्हणू नये. गावोगावच्या टेनिस चेंडूच्या स्पर्धांत ध्वनिक्षेपकावरून समालोचन चालते. तेथे सावळ्या गोलंदाजाचा 'काळ्या' म्हणून पुकारा झाला की मंडपातील प्रतिष्ठित मंडळी हसतात. हसणाऱ्यांत शिक्षकही असतात, हे आम्हांस विशेष लागते. संयोजकांनी ध्वनिक्षेपक हाती देण्यापूर्वीच बजावावे, की खेळाडूस नावानेच पुकारावे. नावांची यादी समालोचकापुढे असतेच.