आमचं रक्त, त्यांचा प्रबंध



मलकापूर म्हणजे कऱ्हाडला चिकटलेलं हायवेवरचं गाव. चोवीस तास पाण्याच्या योजनेनं नाव काढलेलं. इथं १९८४ ला कृष्णा मेडिकल कॉलेज निघालं, २००५ ला त्याचं अभिमत विद्यापीठ झालं. आज मेडिकल, डेंटल, नर्सिंग, फिजिओथेरपी असल्या विषयांत इथं पीएच.डी. होता येतं. उसाच्या पट्ट्यात डॉक्टरेटचं पीक येतंय, येऊ द्या. माझा सवाल एका विद्यापीठाला नाही, सगळ्या व्यवस्थेला आहे : संशोधन होतं कुणाच्या अंगावर, आणि करतं कोण?

माझ्या आईचं सांगतो. गाव दुसरं, दवाखाना दुसरा. रांगेत उभी होती. तपासणीला रक्त घेतलं, वर एक नळी जादा भरली. कागदावर अंगठा घेतला. कशाला? तर संशोधनाला. कसलं संशोधन, त्यातनं काय निघालं, आजतागायत कळलं नाही. आयसीएमआरचे २०१७ चे नियम सांगतात, माणसाला त्याच्या भाषेत समजावा, वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार ठेवा. नियम कपाटात, आईचं रक्त नळीत. कुणाच्या तरी प्रबंधात ती एक आकडा होऊन बसली असेल.

प्रबंधाला दोन दारं असतात. एकातनं नमुना आत जातो, दुसऱ्यातनं संशोधक. पहिलं दार आमच्यासाठी सताड उघडं. दुसऱ्यावर फीचा दगड, ओळखीची कडी.

आणि आत कोण बसलाय यावर प्रश्न कोणता विचारायचा ते ठरतं. बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्या जात होत्या, वर्षानुवर्षं. ओरड झाली तेव्हा कुठं २०१९ ला सरकारनं मोजदाद केली : ८२,३०९ बायांत १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या! अशाच बाया दर हंगामात आपल्या कऱ्हाड-वाळव्याच्या फडात कोयता चालवतात. त्यांची लेक संशोधक झाली असती, तर हा प्रश्न इतकी वर्षं मुका राहिला असता का?

डिसेंबर २०२३. नागपूर अधिवेशनात सारथीच्या फेलोशिपचा विषय निघाला. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विचारलं, पीएच.डी. करून पोरं काय दिवे लावणार? त्याच वर्षी बार्टीच्या फेलोशिपसाठी आपली पोरं आझाद मैदानात बसली होती.

उत्तर लांब नाही, कऱ्हाड तालुक्यातच आहे. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांबरोबर मसूर स्टेशनावर उतरला. जात कळली तसा गाडीवाला मिळेना. दुप्पट भाडं दिलं, गाडी पोरांनीच हाकली, आणि रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. तोच भीमराव १९१३ ला बडोद्याच्या स्कॉलरशिपवर कोलंबियाला गेला. १९२३ ला लंडनची डी.एस्सी., १९२७ ला कोलंबियाची पीएच.डी. हा दिवा स्कॉलरशिपच्या तेलावर पेटला, साहेब. आज तुम्ही तेलच तोडताय आणि वर विचारताय, उजेड कुठंय?

म्हणून भीक नको, हक्क बोला. फेलोशिप पुरी आणि वेळेवर. खासगी संस्थांतही राखीव जागा ठेवता येतात, घटनेचं कलम १५(५) तेच सांगतं, २०१४ ला सुप्रीम कोर्टानं ते उचलून धरलं. मग २००६ चा केंद्राचा कायदा केंद्राच्याच संस्थांपुरता का ठेवला? आणि ज्याचं रक्त घेतलं, त्याच्या वस्तीत येऊन निकाल सांगा.

तुम्हीही एक करा. घरी आया-बहिणींना सांगा, अंगठा उठवण्याआधी विचारायचं : कशाला? आणि तुमच्यातल्या दोघा-तिघांनी तरी त्या दुसऱ्या दाराला खांदा लावा. आतनं कडी आपल्यालाच काढायचीय.

जय भीम!