आधी बिल्टी, मग भाडे

बदलीचा हुकूम आला, की घरोघरी पहिला प्रश्न असतो : ‘ट्रक कितीत ठरला?’ माझ्या मते हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, बिल्टी मिळणार का?

आमच्या जालन्याला हुंडेकरी काही नवे नाहीत. इथले बियाणे, लोखंडी सळई परराज्यांत जाते, आणि मुरलेला व्यापारी बिल्टीशिवाय एक गोणी गाडीत चढू देत नाही. तोच गृहस्थ घरचे सामान मात्र कुणाच्या तरी तोंडी शब्दावर पुण्याला धाडतो! मग अर्ध्या वाटेत गाडी थांबते आणि जादा पैशांची मागणी होते. हाती कागद नसला, तर भांडायचे कशावर?

रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीचा २००७ चा कायदा २०११ पासून लागू आहे. वाहतूकदाराने नोंदणी केलेली असावी, माल घेतल्याची पावती द्यावी, असे तो सांगतो. त्यातली मेख फार थोड्यांना ठाऊक असते. सामानाची किंमत लिहून देऊन जादा दर भरला नसेल, तर भरपाईला भाड्याच्या दहापट एवढीच मर्यादा. म्हणजे घासाघीस करून भाडे बारा हजारांचे आठ हजार केले, की भरपाईची मर्यादाही एक लाख वीस हजारांवरून ऐंशी हजारांवर येते. नुकसानीची लेखी नोटीसही माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते.

म्हणून नोंदणीचा दाखला पाहावा, सामानाची यादी किमतीसह लिहून त्यावर सही घ्यावी. सासूबाईंच्या पितळी घंगाळाची किंमत काय लिहायची, हे मात्र मला आजवर सुचलेले नाही. ते मी एस. टी.त मांडीवर घेऊन जाते.