डिझेलही गारठतं, बॉस!

माझ्या गँगचा सध्याचा हॉट प्लॅन म्हणजे विंटर स्पिती, तोही स्वतःच्या गाडीने. थर्मल्स, शूज, प्लेलिस्ट, सगळं रेडी. 'टाकीतल्या डिझेलचं काय?' असं विचारलं, की मात्र सगळे माझ्याकडे 'किती बोअर करतेस' अशा नजरेने बघतात.

फंडा सोपा आहे. डिझेलमध्ये मेण असतं. कडाक्याच्या थंडीत त्याचे कण फ्युएल फिल्टरमध्ये अडकतात. गाडी स्टार्ट होते आणि दोन-चार मिनिटांत ढिम्म. काझात पारा उणे २० पर्यंत उतरतो, म्हणजे हे नुसतं टेन्शन नाही, जिवाशी खेळ आहे. बायोडिझेल मिसळलेलं असेल तर फिल्टर आणखी लवकर चोंदतो. पामतेलापासून केलेलं शुद्ध बायोडिझेल तर १५ अंशांच्या आसपासच गढूळ होतं. पुण्याच्या डिसेंबरातसुद्धा! शिवाय ते टाकीतला जुना गाळ सुटा करतं, तो वेगळाच. अमेरिकेत मिनेसोटाने २००५ मध्ये २ टक्के बायोडिझेल सक्तीचं केलं आणि पहिल्याच हिवाळ्यात ट्रकांचे फिल्टर तुंबले. (निकृष्ट माल, दुसरं काय!) सक्ती काही काळ थांबवावी लागली.

लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांतही वाहणारं विंटर डिझेल आणलं. तुमच्या रूटवर ते मिळतं का, हे निघण्याआधीच विचारा. फिल्टर नवा टाका. टाकीखाली शेकोटी पेटवणाऱ्या हौशी मदतनीसांना लांबूनच नमस्कार! आणि अँटी-जेल घालायचं ते डिझेल पातळ असतानाच. एकदा मेण धरलं, की त्याचा काही उपयोग नाही.