तबकडीची खरखर
बडोद्याच्या मांजलपुरातील एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात या आठवड्यात, बडोदे संस्थानचे दरबारगायक आणि १९५० साली याच शहरात पैगंबरवासी झालेले आफताब-ए-मौसिकी फैयाजखाँ यांचा नटबिहाग आधी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरून व लगोलग मोबाइलवरून ऐकण्याचा योग आला. तबकडीतील खाच ही स्वरलहरीचीच अखंड आकृती, तर अंकीय मुद्रणात, उदाहरणार्थ सीडीवर, त्याच लहरीची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजदाद होऊन केवळ आकडे दप्तरी दाखल होतात. तथापि त्या आकड्यांतून मनुष्याच्या श्रवणकक्षेतील सारे काही यथातथ्य पुन्हा उभे राहते, म्हणून अंकीय तंत्राला बोल लावणाऱ्या वडीलधाऱ्या रसिकांच्या पंक्तीला मी बसणार नाही. (खाँसाहेबांच्या आग्रा घराण्याचा ऐसपैस विस्तार जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांत आटोपण्याची सक्ती तर तबकडीनेच केली होती!) अपराध आहे तो तबकडी अंकीय रूपात उतरवताना तिची खरखर निपटून काढण्याच्या हव्यासाचा; त्या सफाईत खाँसाहेबांच्या भरदार आवाजाची धार आणि दोन ताना जोडणारा श्वास, दोन्ही बळी जातात. तबकडी वाजते तशीच, खरखरीसकट, अंकीय रूपात उतरवावी, आणि मूळ तबकडी रद्दीवाल्याच्या हवाली मुळीच करू नये, कारण उद्या याहून उत्तम सुई निघेल आणि तेव्हा खाच शाबूत असली पाहिजे.