विश्लेषण : सायंकाळी सातचा भोंगा आणि घरातला मोबाइल; सांगलीचा प्रयोग ब्राह्मणपुरीत चालेल का?

सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजायचा आणि घराघरांतले टीव्ही, मोबाइल दीड तासासाठी बंद व्हायचे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या या प्रयोगाची चर्चा देशभर झाली. पण नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, ब्राह्मणपुरीसारख्या गावात असाच नियम करायचा म्हटले तर? इथे रात्रीच्या विजेवर शेतातला पंप मोबाइलवरून सुरू होतो आणि ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या बापाचा चेहरा मुलाला त्याच मोबाइलवर दिसतो. इंटरनेट माणसाच्या मनावर, नात्यांवर आणि मुलांच्या वाढीवर नेमका कसा परिणाम करते, हे समजून घेतले तर या प्रश्नाचे उत्तर थोडे सोपे होते.

भोंग्याचा प्रयोग नेमका काय?

मोहित्यांचे वडगाव हे कडेगाव तालुक्यातले साधारण तीन हजार वस्तीचे गाव. करोनाकाळात शाळा मोबाइलवर आली, म्हणून घरोघरी मुलांच्या हातात फोन गेला. शाळा पुन्हा उघडल्या, पण फोन हातातून सुटला नाही. मुले वर्गात पेंगतात, वाचायला कंटाळतात, अशा शिक्षकांच्या तक्रारी येऊ लागल्या. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, १४ ऑगस्ट २०२२ रोजी, गावातल्या महिलांच्या सभेत सायंकाळी ७ ते ८.३० टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचे ठरले. सरपंच विजय मोहिते यांनी पुढाकार घेतला. सुरुवातीला गावातल्या पुरुषांनी हे हसण्यावारी नेले. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायत कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले. हळूहळू भोंग्याची सवय लागली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातील बांशी गावाने वेगळी वाट धरली. तिथल्या ग्रामसभेने १८ वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदीच घातली. बेळगावजवळच्या हलगा गावातही डिसेंबर २०२४ पासून सायंकाळी सातचा भोंगा वाजू लागला.

दोन्ही वाटांतला फरक लक्षात घ्यायला हवा. बांशीचा नियम फक्त मुलांसाठी होता. वडगावच्या नियमात आई-बापाचा फोनही बंद होता. पुढचे सगळे विवेचन या फरकाभोवती फिरते.

फोन हातातून सुटत का नाही?

याचे कारण बरेचसे यंत्ररचनेत आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी गेल्या शतकात प्राण्यांवर प्रयोग केले. कळ दाबली की दर वेळी दाणा मिळत असेल, तर प्राणी भूक लागल्यावरच कळ दाबतो. पण दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही, असे असेल तर तो कळ दाबतच राहतो. रीलचे तसेच आहे. पुढची चित्रफीत कंटाळवाणी असेल किंवा हसून लोळवणारी असेल, हे बोट सरकवल्याशिवाय कळत नाही. त्यात पान कधी संपतच नाही. ही न संपणाऱ्या पानाची रचना २००६ मध्ये तयार करणारे आझा रास्किन यांनीच नंतर तिच्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली.

अभियांत्रिकीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला ‘फीडबॅक लूप’ शिकवतात. यंत्रातून बाहेर पडणारा परिणाम पुन्हा यंत्रातच सोडायचा आणि त्यावरून यंत्र सुधारायचे. इथे तुमचे बोट कुठे थबकले, कोणती चित्रफीत दोनदा पाहिली, हे सगळे त्या लूपमध्ये जाते आणि पुढची चित्रफीत त्यावरून ठरते. समोर इतकी मोठी यंत्रणा असताना ‘मनावर ताबा ठेवा’ हा सल्ला अपुरा पडतो. नववीतल्या पोराकडून तर तशी अपेक्षाच चुकीची.

लहान मुलांच्या वाढीवर परिणाम कसा होतो?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई काही महिन्यांच्या बाळाशी खेळत असते. बाळ हसते, आई हसते. बाळ बोट दाखवते, आई तिकडे बघते. मग आईला सांगितले जाते की, दोन-तीन मिनिटे चेहरा निर्विकार ठेवायचा. बाळाला ते लगेच कळते. ते आधी हसून बघते, हात पुढे करते, ओरडते. काहीच घडत नाही म्हटल्यावर तोंड फिरवते आणि रडू लागते. पुढे काही संशोधकांनी हाच प्रयोग आईच्या हातात मोबाइल देऊन केला. बाळांच्या वागण्यात तसाच अस्वस्थपणा दिसला.

मूल बोलायला शिकते ते या देवाणघेवाणीतून. त्याने ‘बा’ म्हणायचे आणि कुणीतरी ‘काय रे बाळा’ म्हणायचे. मोबाइलवरचे गाणे मुलाला शंभर शब्द ऐकवते, पण त्याच्या ‘बा’ला उत्तर देत नाही. दोन-अडीच वर्षांपर्यंतची मुले समोरच्या माणसाकडून जितके शिकतात, तितके पडद्यावरून शिकत नाहीत, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. शहादा परिसरात घरोघरी अहिराणी, गुजरी, भिली, पावरी बोलली जाते आणि शाळेत मराठी. त्यात पडद्यावरून हिंदी-इंग्रजी कार्टूनची भर पडते. अनेक भाषा कानावर पडणे वाईट नाही, उलट चांगलेच. अडचण तेव्हा येते, जेव्हा घरच्या भाषेत मुलाशी बोलणारे माणूस स्वतः मान खाली घालून बसलेले असते.

दुसरी गोष्ट जेवणाची. मोबाइल लावून दिला की मूल तोंड उघडते आणि घास पटापट संपतात. आईला शेतावर जायचे असते, त्यामुळे तिला दोष देण्यात अर्थ नाही. पण पोट भरले की थांबायचे आणि भूक लागली की मागायचे, हे शिकण्याचे वय तेच असते. घासाकडे न बघता जेवणारे मूल ते शिकत नाही. कुपोषणामुळे सतत चर्चेत असलेल्या जिल्ह्यात ही बाब किरकोळ म्हणता येणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. एक वर्षाखालील मुलांना पडदा दाखवूच नये आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आणखी कडक आहे. दोन वर्षांपर्यंत पडदा अजिबात नको. मात्र त्यांनी एक अपवाद ठेवला आहे : नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल. कारण पडद्यावर आजोबा असले तरी ते मुलाच्या ‘बा’ला उत्तर देतात.

सगळेच संशोधन धोक्याची घंटा वाजवते का?

नाही. ब्रिटन आणि अमेरिकेतील साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांच्या माहितीवर आधारित एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांच्या मानसिक स्वास्थ्यातील फरकापैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के फरकाचा संबंध डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येतो, असे त्यात आढळले. नियमित बटाटे खाण्याचा संबंधही जवळपास तेवढाच निघाला! दुसरीकडे जोनाथन हाइट यांच्यासारखे अभ्यासक स्मार्टफोनमुळे एक पिढीच चिंताग्रस्त झाल्याचे सांगतात. हा वाद अजून मिटलेला नाही. एवढे मात्र दिसते की, नुसते तास मोजून फार काही हाती लागत नाही. त्या तासांनी झोप खाल्ली, खेळ खाल्ला की घरातले बोलणे खाल्ले, हे पाहावे लागते.

मोठी माणसे यातून सुटली आहेत का?

याचे उत्तर शेजारच्या धुळे जिल्ह्यात मिळते. १ जुलै २०१८. साक्री तालुक्यातील राईनपाडा. आठवडे बाजाराचा रविवार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी आलेले पाच जण गावात आले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या काळात व्हॉट्सअॅपवर जोरात फिरत होते. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत डांबून मारहाण करत ठार केले. त्या दिवसांत देशभर फिरणारी एक चित्रफीत तर पाकिस्तानातील कराचीत बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी केलेल्या लघुपटाचा कापलेला तुकडा होती. मूळ चित्रफितीत मूल परत आणून ठेवतात, तेवढाच भाग उडवलेला.

भिक्षेकऱ्यांच्या टोळ्या खानदेशात पिढ्यान्‌पिढ्या येतात. त्यांना ओसरीवर बसवून भाकरी वाढणारी गावे हीच. मग त्या दिवशी काय बदलले? भीती ओळखीच्या माणसाकडून आली. गटात संदेश टाकणारा मावसभाऊ असतो, भाऊबंद असतो, त्यामुळे खरे-खोटे तपासण्याची गरजच वाटत नाही. तोच संदेश चार गटांतून आला की चार साक्षीदार मिळाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात साक्षीदार एकही नसतो.

राईनपाड्यानंतर आणि तशाच इतर हत्यांनंतर व्हॉट्सअॅपने जुलै २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवण्याची अट आली. त्यानंतर अशा संदेशांचा प्रसार ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. लोक तेच, फोन तेच. एका बटणाची रचना बदलली आणि वागणे बदलले. पाच जीव जाण्याआधी हे करता आले नसते का, हा प्रश्न उरतोच.

नात्यांचे काय?

दिवाळी आटोपली की नंदुरबार जिल्ह्यातली हजारो कुटुंबे कोयता घेऊन दक्षिण गुजरातच्या ऊसतोडीला जातात. कधी मुले बरोबर जातात, कधी आजी-आजोबांकडे राहतात. पूर्वी चार-पाच महिने खुशाली कळायची ती गावाकडे येणाऱ्या माणसाकडून. आता दिवसभराच्या तोडीनंतर बाप रात्री व्हिडिओ कॉल करतो. मुलगा वही दाखवतो, आई घरातल्या म्हशीचे सांगते. अशा घराला ‘मोबाइलपासून मूल दूर ठेवा’ म्हणणे म्हणजे बापापासून दूर ठेवा म्हणण्यासारखे आहे.

याच फोनने घरात संशयही आणला. कुणाचा मेसेज, निळ्या खुणा दिसूनही उत्तर का नाही, एवढ्यावरून नवरा-बायकोत वाद होतात. आणि गाव नियम करायला बसते, तेव्हा त्याचा पहिला बडगा बहुतेकदा मुलींवर पडतो. गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात २०१९ मध्ये ठाकोर समाजाने १२ गावांत फक्त अविवाहित मुलींच्या मोबाइलवर बंदी घातली होती. मुलींच्या हातात फोन आधीच कमी असतो. ‘असर’च्या २०२४च्या ग्रामीण पाहणीनुसार, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयोगटातील मुलांपैकी ३६.२ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण २६.९ टक्के होते. शिष्यवृत्तीचा अर्ज, भरतीची जाहिरात, अभ्यासाचा व्हिडिओ हे सगळे मोबाइलवर आले असताना ही बंदी मुलीला कुठे मागे ठेवते, ते सांगायला नको.

कायदा मदतीला येईल का?

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. जबाबदारी कंपन्यांवर टाकली. मुलांना किंवा पालकांना दंड नाही. भारतात २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागेल आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवता येणार नाहीत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण या तरतुदी लागू होण्यास त्यानंतर १८ महिन्यांची मुदत आहे.

अडचण अशी की, गावात मूल बहुतेकदा बापाच्याच फोनवर, बापाच्याच खात्यावर असते. ‘असर’च्याच पाहणीत फोन वापरता येणाऱ्या १४ वर्षांच्या मुलांपैकी जेमतेम २७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. कंपनीच्या लेखी फोन पाहणारा माणूस ४० वर्षांचा असतो. संमती कोण कुणाची घेणार?

मग ब्राह्मणपुरीत भोंगा वाजवायचा का?

वाजवता येईल, पण वेळ आणि अटी इथल्या हव्यात. शेतीला आलटूनपालटून रात्रीची वीज येते, तेव्हा पंपाच्या स्टार्टरसाठी फोन लागतो. रात्री पाणी भरायला गेलेल्या माणसाचा फोन बिबट्याच्या धास्तीने घरच्यांना चालू हवा असतो. त्यामुळे ‘फोन बंद’ऐवजी ‘फोन फक्त बोलण्यापुरता’ असा नियम जास्त टिकेल. हंगामात परगावचे कॉल ज्या वेळी येतात, ती वेळ मोकळी सोडावी लागेल.

वडगावचे यश भोंग्यापेक्षा जास्त एका साध्या गोष्टीत होते : सगळ्यांनी एकाच वेळी फोन ठेवला. एकट्या घराने ठेवला तर पोरगा शेजारच्या ओट्यावर जाऊन बघतो. सगळ्या गल्लीने ठेवला तर त्याला खेळायला सोबती मिळतो. शिवाय त्या दीड तासात काय करायचे, याची सोय आधी हवी. अभ्यासाला बसण्यासाठी शाळेची खोली उघडी असेल, कुणी शिकवायला असेल, तरच मोकळा वेळ उपयोगी पडेल.

अशा ठरावाला कायद्याचे बळ नसते, तो संमतीवरच चालतो. राज्यात ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. वडगावातला निर्णय महिलांच्या सभेतूनच निघाला होता, आणि फोनच्या वेळेचा खरा हिशेब घरात त्यांनाच ठाऊक असतो. मूल झोपत नसेल, जेवण सोडत असेल, फोन काढून घेतल्यावर अंगावर येत असेल, तर ग्रामसभेची वाट पाहण्याचे कारण नाही. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत समुपदेशन मिळते, मराठीतूनही.