चमत्कार कीं मेहनत?

मारिया कॅलास या गायिकेच्या चरित्रकारांची एक लाडकी कथा आहे. आमचे विद्यार्थीही आम्हांस ती मोठ्या उत्साहानें ऐकवितात. १९४९ च्या जानेवारींत व्हेनिसच्या ‘ला फेनीचे’ नांवाच्या नाट्यगृहांत ती वाग्नरच्या ऑपेरांतील ब्रुनहिल्ड गात होती. तोंच बेल्लीनीच्या ‘ई पुरितानी’ची नायिका मार्गेरीता कारोझिओ आजारी पडली, आणि वाद्यवृंदाचा चालक तुल्लिओ सेराफीन याच्या आग्रहावरून कॅलासनें ती भूमिका थोड्याच दिवसांत बसवून १९ तारखेस गायिली. पहिली भूमिका भारी, दणकट आवाजाची. दुसरी चपळ तानांची. श्रोते थक्क झाले, व चरित्रकार ‘चमत्कार’ म्हणून मोकळे झाले.

आम्हांस हा शब्द मुळींच मान्य नाहीं. न्यूयॉर्कमध्यें जन्मलेली ही ग्रीक मुलगी १९३७ सालीं, तेराव्या वर्षीं, आईबरोबर अथेन्सला आली. तेथें प्रथम मारिया त्रिवेल्ला व पुढें एल्विरा दे इदाल्गो या स्पॅनिश गायिकेजवळ तिचें शिक्षण झालें. दे इदाल्गो स्वतः हलक्या, चपळ गळ्याची. शिष्येचा आवाज मोठा व जड. गुरूनें त्या जड गळ्याकडूनही तानांचीच मेहनत करून घेतली. शिष्या स्वतःचा पाठ संपला तरी उठत नसे. इतरांचे पाठ ऐकत दिवसचे दिवस बसून राही. व्हेनिसला जें थोड्या दिवसांत दिसलें, तें घडलें येथें. मग या वर्षांना चरित्रांत चार ओळी कां?

बरें, पुढें तरी पायघड्या होत्या काय? १९४१ त सुप्पेच्या ‘बोकाच्चो’मध्यें एक लहानशी भूमिका; १९४२ त, शत्रूच्या ताब्यांतील अथेन्समध्यें, ‘तोस्का’. युद्ध संपल्यावर ती अमेरिकेस परतली, तर शिकागोची जी मंडळी तिला रंगभूमीवर आणणार होती ती पडदा उघडण्यापूर्वींच बुडाली! इटलींत, व्हेरोनाला, ‘ला जोकोंदा’ गावयास मिळालें तें १९४७ च्या ऑगस्टमध्यें.

कोणी म्हणतात, असल्या भिन्न भूमिकांच्या ओढाताणीनेंच तिचा आवाज लवकर ढळला. त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. तो निदान गळ्याविषयीं तरी आहे. चरित्रकारांस मात्र तेथेंही जहाजवाल्या ओनासिसचीच आठवण होते. आणि आमचे सुशिक्षित पालक हींच चरित्रें मुलांच्या हातीं देतात, व सहा महिन्यांच्या शिकवणीनंतर मुलगी स्पर्धेंत पहिली कां आली नाहीं म्हणून गायनमास्तरांस जाब विचारतात.