वॉर्फ क्लिंगॉन झाला कोणाच्या पुस्तकातून?



यावेळचं संपादकीय लेफ्टनंट वॉर्फवर आहे. ज्यांच्या घरी 'स्टार ट्रेक' बघत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात ओळख: कपाळावर हाडांचे उंचवटे, खर्जातला आवाज, चेहऱ्यावर कायमची नाराजी. जमात क्लिंगॉन. 'द नेक्स्ट जनरेशन' (१९८७ ते १९९४) या मालिकेत तो एंटरप्राइझ यानावरचा अधिकारी. नायक मात्र नाही, नायक कॅप्टन पिकार्ड. तरीही 'डीप स्पेस नाइन' धरून मायकेल डॉर्न या कृष्णवर्णीय नटाने अडीचशेहून अधिक भागांत हे कपाळ वागवलं, आणि २०२३ साली 'पिकार्ड'च्या तिसऱ्या पर्वात तो पिकल्या केसांनी परत आला.

१९६७ साली क्लिंगॉन पहिल्यांदा पडद्यावर आले तेव्हा ते सरळ सरळ शत्रू होते, शीतयुद्धातल्या रशियनांची नक्कल. वीस वर्षांनी त्यांच्यातलाच एक अनाथ पोरगा यानावर नोकरीला लागतो, आणि त्याला लहानाचं मोठं करणारे आईवडील कोण, तर रोझेन्को नावाचं रशियन जोडपं! लेखकांनी हे ठरवून केलं असेल तर त्यांना सलाम.

आता पुरोगामी मंचाच्या पत्रकात हा बुवा कशाला? एक तर अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात आपल्यासाठी जो शब्द आहे तो 'एलियन'च. ग्रीन कार्डावर जो 'ए' नंबर असतो त्यातला 'ए' तोच. आणि आपलं कॅरी गाव तर बाहेरून आलेल्यांसाठीच प्रसिद्ध. इथले जुने लोक गावाच्या नावाची इंग्रजी अक्षरं सोडवून 'स्थलांतरित यांकींना कोंडून ठेवण्याची जागा' असा अर्थ काढतात. म्हणजे न्यू जर्सीहून आलेला गोरा माणूसही इथे परग्रहावरचाच, मग आपलं काय घेऊन बसलात.

पण खरं कारण वेगळं आहे. वॉर्फ हा मला माहीत असलेला सर्वांत अस्सल एन.आर.आय. आहे.

तो सहा वर्षांचा असताना रोम्युलन हल्ल्यात त्याचे आईवडील मारले गेले. पुढे तो माणसांच्या घरात, माणसांच्या वस्तीत वाढला. आपली संस्कृती त्याच्यापर्यंत पोचली ती ऐकीव आणि वाचीव. त्यामुळे झालं असं की तो घरच्या क्लिंगॉनांपेक्षा जास्त क्लिंगॉन झाला. मालिकेतले बाकीचे क्लिंगॉन पितात, गातात, टेबलं बडवत खिदळतात. वॉर्फ हसत नाही. क्लिंगॉन हसत नसतात, असं तो एकदा ठणकावून सांगतो, तेव्हा यानावरच्या बारमधली गायनन त्याला शांतपणे सुनावते की ते छान हसतात, तूच हसत नाहीस. (हे दृश्य मला आपल्या ओळखीच्या काही मंडळींच्या चेहऱ्यांसकट आठवतं. नावं सांगत नाही.)

लांबून शिकलेल्या संस्कृतीचं असंच होतं. तिच्यातला सैलपणा विमानात बसत नाही, नियम तेवढे बसतात. पण नुसतं 'अतिकर्मठ' म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. विचारायचं ते हे, की पुस्तकातून शिकला म्हणता, तर पुस्तक लिहिलं कोणी?

याचं उत्तर 'स्टार ट्रेक'नेच दिलं आहे, आणि ते फार कमी लोकांच्या लक्षात राहतं. २००३ साली 'एंटरप्राइझ' मालिकेत 'जजमेंट' नावाचा भाग होता. त्यात कोलोस हा म्हातारा क्लिंगॉन वकील कॅप्टन आर्चरला तुरुंगात सांगतो, की सगळे क्लिंगॉन लढवय्ये असतात हे खोटं आहे. त्याचे वडील शिक्षक होते, आई जीवशास्त्रज्ञ. पुढे लढवय्यांची जात वरचढ झाली आणि तिची रीत हीच सगळ्यांची रीत ठरली. त्या संवादात 'जात' हाच शब्द आहे. म्हणजे वॉर्फ ज्याला क्लिंगॉनपण म्हणून छातीशी धरून बसला, ते एका जातीचं क्लिंगॉनपण होतं. बाकीच्यांचं पुस्तकात आलंच नाही.

आता हाच प्रश्न आपल्या ताटाला विचारू. वॉर्फ लहानपणी माणसांचं अन्न खायला तयार नव्हता, म्हणून त्याची आई हेलेना क्लिंगॉन स्वयंपाक शिकली. रोकेग नावाच्या रक्ताच्या पायपर्यंत तिची मजल गेली. इथे प्रेक्षक हसतो, ईऽऽ म्हणतो. पण मराठवाड्यात कित्येक घरांत रक्ती शिजते. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून हे सगळं जेवण, वजडीपासून चान्यांपर्यंत, पहिल्यांदा नीट मांडलं. २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही आला. तोवर मराठी पाकपुस्तकांना हे स्वयंपाकघर दिसलेलं नव्हतं. आपल्या 'अस्सल महाराष्ट्रीय मेजवानी'त काय असतं? पुरणपोळी, साबुदाणा वडा, मसालेभात, मठ्ठा. सगळं चविष्ट, मला प्रिय. पण इथे वाढणाऱ्या मुलांना आपण हेच 'महाराष्ट्र' म्हणून वाढतो, आणि सात समुद्रांपलीकडे खात्री करून घ्यायला त्यांच्याकडे दुसरं साधन नसतं. हेलेनाने निदान पोराला ईऽऽ तरी म्हटलं नाही.

ताटावर थांबलं असतं तरी चाललं असतं. गेल्या हिवाळ्यात आपल्या भागातल्या एका वधूवर-यादीचा फॉर्म फिरत फिरत माझ्याकडे आला. नाव, शिक्षण, व्हिसा, आणि त्याखाली दोन रकाने: जात, पोटजात. पोटजात! हा फॉर्म भरणारी मुलं इथे जन्मलेली. त्यातल्या निम्म्यांना 'पोटजात' हा शब्द वाचता येणार नाही, फॉर्म आईच भरणार. चौकशी केली तेव्हा उत्तर मिळालं की लोक विचारतात म्हणून ठेवलंय, सक्ती नाही.

१९०९ साली श्रीधर व्यंकटेश केतकरांनी (हो, ज्ञानकोशकार केतकर, तेव्हा कॉर्नेलमध्ये शिकत होते) जातीच्या इतिहासावरच्या इंग्रजी ग्रंथात इशारा दिला होता, की हिंदू जगात इतरत्र गेले तर जात हा जगाचा प्रश्न होईल. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या एका सेमिनारमध्ये पंचविशीतल्या आंबेडकरांनी निबंध वाचला, त्यात केतकरांचं हे म्हणणं उद्धृत केलं. दोघेही मराठी, दोघेही अमेरिकेत विद्यार्थी. शंभराहून अधिक वर्षांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, सिअ‍ॅटलने जातीवरून भेदभावाला बंदी घातली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातलं तसंच विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, पण ऑक्टोबरात गव्हर्नर न्यूसम यांनी सध्याचे कायदे पुरेसे आहेत म्हणून ते परत पाठवलं. आपल्यातल्या अनेकांना तेव्हा हायसं वाटलं. मला वाटलं नाही. ज्याला कधी आडनावावरून चाचपलं गेलं नाही, त्याला कायदे पुरेसेच वाटणार.

वॉर्फकडे परत येतो, कारण मालिका त्याला सोडत नाही. 'द एनिमी' (१९८९) या भागात एक जखमी रोम्युलन मरणपंथाला लागलेला असतो आणि यानावर फक्त वॉर्फचंच रक्त त्याच्या उपयोगाचं असतं. वॉर्फ नकार देतो. कॅप्टन त्याला विनवतो, हुकूम मात्र करत नाही. रोम्युलन मरतो. शेवटी मनपरिवर्तन नाही, पार्श्वसंगीत नाही. त्याच्यावर अन्याय झाला होता हे खरं, आणि तरी त्या क्षणी त्याने जे केलं ते वाईट, हेही खरं. दूरचित्रवाणीवर हे क्वचित दिसतं.

बदलायला त्याला दहा वर्षं लागली. 'डीप स्पेस नाइन'च्या शेवटाकडे, १९९९ मध्ये, एझ्री डॅक्स त्याला तोंडावर सांगते की तुमचं साम्राज्य मरायला टेकलंय, आणि तुझ्यासारखी इमानदार माणसं सडलेल्या पुढाऱ्यांना निभावून नेतात म्हणूनच ते असं झालंय. मग वॉर्फ गोवरॉनला द्वंद्वात मारतो. रिवाजाप्रमाणे सत्तेचा झगा त्याचा. तो झगा तो मार्टोकच्या खांद्यावर घालतो. मार्टोक कोण? केथाच्या सखल भागातला, सामान्य घरातला. कुळ उच्च नाही म्हणून तरुणपणी कोर नावाच्या खानदानी सेनानीने त्याला अधिकारी होऊ दिलं नव्हतं. (मार्टोक आणि कोलोस वकील ही दोन्ही कामं जे. जी. हर्ट्झलर या एकाच नटाची. योगायोग असेल, पण मजेचा.)

द्वंद्वाची सूचना मी करत नाही. दोन साध्या गोष्टी सुचवतो.

एक, तो फॉर्म. आपल्यापैकी निदान पंधरा जण त्या यादीवर आहेत. जात-पोटजातीचे रकाने काढा असं पत्र आयोजकांना पाठवायचं आहे, मसुदा तयार आहे. सही करायची असेल तर या मेलला उत्तर द्या. रकाने ठेवायलाच हवेत असं ज्यांना वाटतं त्यांनीही कारणासकट लिहा, पुढच्या अंकात छापू.

दोन, बाँड पार्कमधली उन्हाळी पिकनिक. यंदाची पॉटलक यादी नेहमीच्या चार जणींवर न सोपवता प्रत्येकाने आपल्या आजीच्या चुलीवर खरोखर शिजायचं ते आणावं. सुकट, खारा बोंबील, खेकडे, चाकवत, उकडलेली रताळी, काय असेल ते. शाकाहाऱ्यांसाठी वेगळं टेबल राहीलच, त्यावरून भांडण नको. रक्तीचं सामान इथे मिळणं कठीण आहे. वजडी मात्र कुठल्याही मेक्सिकन दुकानात मिळते, मेनूदो करायला ते नेहमी ठेवतात. साफ करायला वेळ लागतो, आदल्या रात्री सुरुवात करा.